दादाची गिटार, अर्धा सूर खाली

दसऱ्यानंतरचा, कोजागरीच्या आधीचा रविवार. सकाळी चहा झाल्यावर. मांजरीतला दादाचा फ्लॅट, जेवणाचं टेबल.

हजर: मी, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, आणि टेबलावर जुनी चादर अंथरून आडवी ठेवलेली दादाची इलेक्ट्रिक गिटार. गैरहजर: स्वच्छता.

मी यादी करून काम करणारी बाई आहे. बिबवेवाडीहून निघण्याआधीच पिशवीत काय काय घ्यायचं ते लिहून काढलं होतं. तारांचे दोन नवे संच, स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, बारीक कानशी, पोलादी पट्टी, सुती फडकी, जुना टूथब्रश. यादीत हातमोजे नव्हते. असायला हवे होते.

गिटारच्या मानेला हात लावला आणि लगेच काढला. बोटं चिकटली. वास घेतला. खवट झालेलं खोबरेल होतं. चिकट्यात झेंडूच्या पाकळ्या रुतून काळ्या पडल्या होत्या. तारांखालून मुंग्यांची एक ओळ शिस्तीत वर चालली होती, आणि त्या घरात शिस्तीने चाललेली तेवढी एकच गोष्ट होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पूजा," दादा म्हणाला, आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

झालं होतं असं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. आमच्या घराण्यात हत्यारं म्हणजे विळी, हातोडी, शिलाई मशीन, स्कूटर आणि दादा कारखान्यातून निवृत्त होताना बरोबर आणलेला पान्यांचा डबा. यंदा वहिनींनी त्यांच्या शेजारी गिटार मांडली. मांडली तर मांडली, पण सगळे उपचार केले. तांब्यातलं पाणी शिंपडलं. तारांखाली ज्या दोन काळ्या पट्ट्या असतात, ज्यांच्यामुळे विजेच्या गिटारचा आवाज निघतो, त्या पिकअपवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली. वरच्या खुंट्यांवर अक्षता वाहिल्या. मानेत झेंडूची माळ घातली आणि ती सुकून गळेपर्यंत तशीच ठेवली. खोबरेल त्याच्याही आधीचं. दादा वाजवत नाही, तारा गंजू नयेत, म्हणून वहिनी अधूनमधून तेलाचं बोट फिरवत होत्या.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "वाजवत तर नाहीत. निदान पूजा तरी होऊ दे म्हटलं."

मी टूथब्रश काढला.

आता मी तिथे का गेले होते ते सांगते. दादा पावसाळ्याच्या तोंडाशी इमारतीच्या पार्किंगच्या उतारावर घसरला आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा डाव्या हाताची शेवटची दोन बोटं पूर्वीसारखी मिटेनात. अनामिका अर्ध्यावर थांबते आणि करंगळी उशिरा येते. गिटारच्या तारा डाव्या हातानेच दाबायच्या असतात. प्लास्टर निघाल्यावर दादाने एकदाच गिटार घेतली, एक कॉर्ड, म्हणजे बऱ्याच तारा एकदम दाबून वाजवायचा सूर, धरून पाहिली, आणि ठेवून दिली. त्यानंतर हात लावला नाही.

दादा आणि त्याचे कारखान्यातले जुने सोबती दर कोजागरीला त्याच्या सोसायटीच्या गच्चीवर वाजवतात. ऐकणारे मसाला दुधासाठी येतात, पण येतात. यंदा दादाने कीबोर्ड वाजवत गाणाऱ्या मित्राला सांगून टाकलं की कोजागरीला मी मुलीकडे जाणार आहे. मुलीकडे तो जाणार नव्हता. मुलीला तर हे माहीतही नव्हतं. मग वहिनींनी मला फोन केला. म्हणाल्या, वन्सं, हे गिटारचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार आहेत, ज्याला हवी त्याने घेऊन जा म्हणून. काल बाल्कनीत उजेड चांगला आहे का ते बघत होते.

मी दादाला फोन केला आणि सौदा केला. हा रविवार मला द्यायचा. मी गिटार त्याच्या आताच्या हाताला जुळेल अशी लावून देईन. तरीही दाबता आली नाही, तर फोटो मी स्वतः काढून देईन. तो हो म्हणाला. त्याच्या आवाजावरून कळत होतं की निकाल त्याने आधीच लिहून ठेवला आहे आणि मला फक्त सहीला बोलावलं आहे.

तर तारा काढायला घेतल्या. तेलाने बुळबुळीत झालेल्या, आणि जिथे तेल पोहोचलं नव्हतं तिथे गंजलेल्या. दोन्ही गोष्टी एकाच तारेला होऊ शकतात हे मला त्या दिवशी कळलं. तारा निघाल्यावर खालची लाकडी पट्टी उघडी पडली. त्या पट्टीवर धातूच्या आडव्या काड्या असतात, त्या फ्रेट. प्रत्येक फ्रेटच्या कडेला काळा, मेणासारखा थर होता. नखाने खरवडला की गुंडाळी निघायची. हा वहिनींच्या पूजेचा नव्हता, हा दादाचा स्वतःचा होता. वाजवताना शेजारी भडंगाची वाटी ठेवायची त्याची जुनी सवय. एक घास, एक कॉर्ड. वर्षानुवर्षांचा घाम, तेल, हळद आणि मसाला त्या लाकडात मुरला होता. एका फ्रेटपाशी चक्क अर्धा शेंगदाणा निघाला.

"त्या थरामुळेच आवाज जरा उबदार येतो," दादा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"वासही."

वर्तमानपत्राचं पान उलटलं.

लाकडासाठी किंचित ओलं फडकं, मग लगेच कोरडं. फ्रेटच्या कडांना टूथब्रश. पिकअपवरचं कुंकू स्क्रूच्या डोक्यांमध्ये जाऊन वाळलं होतं, ते टाचणीने काढलं. फडकी आधी काळी, मग लाल झाली. वहिनी एकदा येऊन बघून गेल्या, लाल फडकं बघून म्हणाल्या की आपरेशन चाललंय जणू. मी म्हटलं, रोगी बरा आहे, नातेवाइकांना तपासायला हवं.

घाण काढून झाल्यावर खरं काम. मोजमाप. गिटार हाताला सोपी की जड हे तीन-चार जागी ठरतं. तारा किती जाड, त्या किती ताणल्या, पट्टीपासून किती उंच, आणि मान किती वाकली. बहुतेक लोक यातली एकच गोष्ट धरून बसतात आणि तिच्यावर आयुष्यभर भांडतात. दादाची गोष्ट जाडीची. दुकानात तारांचे संच सगळ्यात बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात, नऊचा, दहाचा, अकराचा. मी नऊचा लावते. दादाने तरुणपणापासून अकराचा लावला आणि माझ्या तारांना तो शेवया म्हणतो. आम्ही दोघं एकाच वेळी शिकायला लागलो, एकाच मास्तरांकडे, त्यामुळे हा वाद आमच्या पांढऱ्या केसांहून जुना आहे. त्याचं म्हणणं, तार ओढली तर तिने उलट ओढलं पाहिजे, नाहीतर वाजवतोय की खाजवतोय हे कळत नाही. माझं म्हणणं, मला संध्याकाळी याच बोटांनी पोळ्या लाटायच्या असतात.

पण त्या दिवशी तारांच्या आधीच दुसरं काही सापडलं. गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला एक लहान आडवी पट्टी असते, सहा खाचांची. तिला नट म्हणतात. तारा त्या खाचांतून पुढे खुंट्यांकडे जातात. खाच खोल असेल तर तार पट्टीजवळ राहते आणि पहिल्या फ्रेटवर सहज दाबली जाते. उथळ असेल तर पहिल्या फ्रेटवरच बोटाचा जीव जातो. मी नटवर टूथब्रश फिरवला. खाचा गुलाबी निघाल्या.

आधी वाटलं कुंकूच असेल. पण ब्रशने जाईना. टाचणीने टोकरलं तर दगडासारखं टणक. भिंग आणायला सांगितलं. वहिनींनी देवघरातलं पोथी वाचायचं भिंग आणलं. खाचांच्या तळाला खडबडीत, चमचमणारा गुलाबी थर होता.

"दादा, हे काय भरलंयस?"

वर्तमानपत्र खाली आलं. त्याने नटकडे बघितलं, मग वहिनींकडे, मग खिडकीकडे.

"रांगोळी," तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात त्याच्या तारा फ्रेटवर घासून खडखडायला लागल्या. दादा कारखान्यातला माणूस. त्याच्या डोक्यात हिशोब सरळ होता, की तार खाली घासते म्हणजे खाच झिजली, झिजलेला भाग भरून काढायचा. दिवाळीची उरलेली रांगोळी खाचांत भरली, वर झटपट चिकटणारा गोंद सोडला, वाळल्यावर घासून खाच पाडली. तारा वर आल्या, खडखड गेली. काम पक्कं झालं याचा त्याला इतका आनंद झाला की त्याने मग दुसऱ्या टोकाला तारा ज्याच्यावर टेकतात तो ब्रिजही वर उचलून घेतला, दोन्हीकडे सारखं हवं म्हणून.

"तरीच," वहिनी म्हणाल्या. "त्या वर्षी तुळशीच्या लग्नाला माझ्याकडे गुलाबी नव्हती."

खाच मुळात झिजलीच नव्हती. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन मान किंचित हलते. मानेत आत एक लोखंडी सळई असते, तिला जराशी फिरवली की मान जागेवर येते. तेवढंच करायचं होतं. डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला लेप लावावा तसा प्रकार त्याने केला, आणि तो लेप इतकी वर्षं तसाच ठेवून वर गिटारला दम असलेली म्हणत राहिला.

मी नवी तार तात्पुरती चढवली आणि तपासलं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरली तर पहिल्या फ्रेटवर कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. तिथून माझ्या बसच्या पासचं कार्ड आरामात आरपार गेलं. मी कार्ड घालून काढून दादाला दाखवलं. मग पुन्हा दाखवलं. मला त्या वेळी त्याच्याबद्दल जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यात किळस हा शब्द होता. जिच्यावर धडधाकट माणसाचं बोट सोलून निघेल अशा गिटारवर त्याने प्लास्टरमधून निघालेला हात तपासला, आणि हात गेला असा निकाल लावून मोकळा झाला. गिटार तपासावी असं मनात आलं नाही. ती त्याने स्वतः दुरुस्त केली होती ना.

"हात दाखव," मी म्हटलं.

त्याने दाखवला. मूठ मिटायला सांगितली. अनामिका थांबली तिथे थांबली.

"व्यायाम करतोस?"

"करतो."

वहिनी झाडू घेऊन दिवाणापाशी गेल्या, वाकल्या आणि झाडू आत घालून काहीतरी ओढून काढलं. फिजिओथेरपिस्टने दिलेला रबरी चेंडू होता. त्याला केस गुंडाळले होते, धूळ होती, आणि एका बाजूला एक मेलेलं झुरळ इतकं घट्ट चिकटलं होतं की ते चेंडूबरोबर फरशीवर गोल फिरून दादाच्या पायाशी येऊन थांबलं. दादाने पाय मागे घेतले.

"करतात," वहिनी म्हणाल्या.

मी कानस घेतली. गुलाबी थर घासताना भाजलेल्या प्लास्टिकसारखा वास येत होता, आणि बारीक गुलाबी पूड चादरीवर, माझ्या बाहीवर, चहाच्या कपात. एकेक खाच घासायची, तार बसवायची, कागद सरकवून बघायचा, पुन्हा घासायची. घाई केली आणि खाच जास्त खोल गेली तर मग नवा नट शोधत शहरभर फिरा. दादा उठून बाल्कनीत गेला. बाहेर उसाचं एक शेत आणि त्याला तिन्ही बाजूंनी घेरून उभे राहिलेले अर्धवट टॉवर. तिथली सिमेंटची धूळ दिवसभर घरात येते. वहिनी पुसतात, ती पुन्हा येते.

खाचा झाल्यावर सळईकडे वळले. सळईचं तोंड वरच्या खुंट्यांजवळ एका छोट्या झाकणाखाली असतं. झाकण काढलं. आत अक्षता. खुंट्यांवर वाहिलेल्या अक्षता झाकणाच्या फटीतून आत उतरल्या होत्या, तेलात भिजून फुगल्या होत्या, आणि त्यांच्यात एक झुरळाचं पिल्लू बसलं होतं. जिवंत. त्याने मिशा हलवल्या. मी टाचणी टाकून उभी राहिले आणि बराच वेळ बसले नाही. वहिनींनी ते चिमट्याने उचललं आणि बाल्कनीतून खाली सोडलं. सोडताना हात जोडले की नाही ते मला दिसलं नाही, पण शंका आहे.

मग दहाचा संच चढवला, म्हणजे त्याच्या सवयीपेक्षा एक पायरी बारीक. ब्रिज खाली घेतला, सूर लावला, सळई जुळवली. दादाला बोलावलं. तो खुर्चीवर बसला, गिटार मांडीवर घेतली आणि धरली ती थेट पहिल्या फ्रेटवरची आडवी कॉर्ड, जिच्यात पहिलं बोट सगळ्या सहा तारांवर झोपवायचं असतं. सोप्या कॉर्डने सुरुवात करेल तर तो दादा कसला. सहापैकी चार तारा वाजल्या, दोन मुक्या राहिल्या. पण वाजल्या. माझी नजर त्याच्या अनामिकेवर होती. ती दाबत होती. पूर्ण नाही, पण दाबत होती.

मग त्याने एक तार बोटाने वर ओढली, सूर ताणायला. तार सुळकन वर गेली, त्याला हव्या असलेल्या सुराच्याही पुढे. त्याने हात थांबवला. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"शेवया," तो म्हणाला.

"एक पायरी बारीक आहेत फक्त."

"हात लागतोय, ते खरं. पण ही माझी नाही गं. कुणाचीतरी मागून आणल्यासारखी वाटते." त्याने गिटार चादरीवर ठेवली, नीट ठेवली. "फोटो काढ. केलंस तेवढं पुष्कळ झालं."

मला त्या क्षणी खरंच फोटो काढून निघून जावंसं वाटलं. बाहीवर रांगोळी, नखांत त्याचा वर्षानुवर्षांचा मळ, डोळ्यांसमोर अजून त्या मिशा, आणि हा माणूस मला आभारासकट निरोप देतोय.

वहिनी भांडी विसळत होत्या. नळ बंद करून, आमच्याकडे न वळता म्हणाल्या, "ह्यांना हात बरा व्हायलाच नकोय. बरा झाला तर गच्चीवर जावं लागेल."

नळ पुन्हा सुरू झाला. दादा चादरीच्या कडेचा दोरा ओढत बसला.

मी बसले आणि विचार केला, कारण रागात केलेलं सेटिंग दुसऱ्या दिवशी हमखास बिघडतं. त्याच्या तक्रारीत तथ्य होतं. त्याला बोटाखाली ताकद हवी होती, उलट ओढणारी तार हवी होती. हाताला मात्र ताण कमी हवा होता. जाडी आणि ताण या वेगळ्या गोष्टी आहेत. तार तितकीच जाड ठेवून सूर थोडा खाली उतरवला तर ती बोटाला जाडच लागते, पण सैल होते. पिशवीत दुसरा संच होता, अकराचा. तो मी वाद झालाच तर असावा म्हणून आणला होता. वाद झाला होता.

खालच्या सुराच्या तीन जाड तारा अकराच्या संचातल्या घेतल्या. वरच्या सुराच्या तीन बारीक तारा दहाच्याच ठेवल्या, कारण सूर ताणताना बोट मोडतं ते त्याच तारांवर. मग सगळी गिटार अर्धा सूर खाली लावली. ताण कमी झाला की मान मागे सरळ व्हायला बघते, म्हणून सळई किंचित सैल सोडली. जाड तारांच्या खाचा पुन्हा तपासल्या. पाचवी तार जोरात मारली की हलकासा घासल्याचा आवाज येत होता, तो तसाच राहू दिला. तो घालवायला पुन्हा ब्रिज वर घ्यावा लागला असता, आणि ते त्या घरात मी परत सुरू करणार नव्हते.

दादा बघत होता. न बघितल्यासारखं करून बघत होता.

"खालच्या कुठल्या लावल्यास?"

"तुझ्याच. अकराच्या."

"खरं?"

"मोज हवं तर. कॅलिपर असेल ना पान्यांच्या डब्यात. कुंकू पुसून घे फक्त."

त्याने मोजलं नाही, पण खालची तार दोन बोटांत धरून चाचपून पाहिली. मग बसला. तीच कॉर्ड धरली. सहाच्या सहा तारा वाजल्या. खालून जाड, घोगरा आवाज आला, त्याचा नेहमीचा. त्याने बारीक तार ओढली. या वेळी हात आवरून ओढली, ती सुरावर येऊन थांबली आणि तो तिथे तिला धरून बसला. वहिनींनी नळ बंद केला. दादा हसला वगैरे नाही. त्याने पुन्हा वाजवलं, मग हात खाली घेऊन बोटं झटकली, पुन्हा वाजवलं. दुखत होतं, ते दिसत होतं. पण हात झटकून पुन्हा धरत होता, आणि तोंडाने काहीतरी मोजत होता.

मध्येच त्याचा उजवा हात सवयीने टेबलावर गेला, जिथे वहिनींनी माझ्यासाठी भडंग ठेवलं होतं. मी वाटी उचलली.

"आधी हात धुवायचे," मी म्हटलं. "खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर. यापुढे कायम."

"आईसारखी बोलू नकोस."

"आईने तुझी गिटार बघितली असती तर ती बोललीच नसती. फिनेल ओतलं असतं."

त्याने हात धुतले. परत येऊन बसला तेव्हा चेहरा बदललेला होता. त्याला आता अडचण सापडली होती.

"हे अर्धा सूर खाली आहे," तो म्हणाला. "तो वर वाजवतो."

तो म्हणजे कीबोर्डवाला मित्र. मी म्हटलं, कीबोर्डला एक बटण असतं, ते दाबलं की सगळं अर्धा सूर खाली येतं. नाहीतर गिटारच्या मानेवर पहिल्या फ्रेटला क्लिप लावता येते, तिने आवाज परत वर येतो आणि तारा सैलच राहतात.

"चिमटे वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात," दादा म्हणाला.

मग बटण. आणि खरं तर त्या मित्रालाच अर्धा सूर खाली हवा होता, कित्येक कोजागऱ्यांपासून. वय झालंय त्याचंही. वरच्या सुरावर त्याचा गळा फाटतो. गेल्या वर्षी ती जागा आली तेव्हा त्याने मसाला दुधाचा पेला तोंडाला लावला आणि गाणं कीबोर्डवर ढकललं. गच्चीवरच्या प्रत्येकाला कळलं. कोणी बोललं नाही, कारण बोललं तर स्वतःचंही काहीतरी काढावं लागेल. ही म्हातारी होणारी मंडळी एकमेकांसमोर इतकी धट्टीकट्टी राहतात की मला त्या दुधाचीही शिसारी येते.

"फोन करून सांग त्याला. अर्धा सूर खाली घे म्हणून."

"का म्हणून विचारेल."

"मग सांग का."

"मी मुलीकडे जाणार आहे."

"जाणार आहेस?"

वहिनी आल्या, पदराला हात पुसले, त्याचा फोन चार्जरवरून काढला आणि टेबलावर गिटारशेजारी ठेवला. स्क्रीन वरच्या बाजूला ठेवून. मग परत आत गेल्या.

मी सगळं आवरलं. लाल-काळी फडकी वेगळ्या पिशवीत, तेलकट तारा वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र दादाचं. चेंडू डेटॉलच्या पाण्यात टाकला. वहिनींना सांगितलं की पुढच्या खंडेनवमीला गिटारशेजारी ताम्हण ठेवून त्यात सुपारी ठेवा आणि कुंकू त्या सुपारीला लावा. त्या म्हणाल्या, बघू. म्हणजे लावणार. मी निघेपर्यंत दादा वाजवत होता, फोनकडे पाठ करून.

हडपसरच्या पुलाखाली बस अडकली तेव्हा मी यादी काढली आणि एकेक खूण करत गेले. सफाई, झाली. नट, झाला. सळई, झाली. तारा, झाल्या. ब्रिज, झाला. फोटो, रद्द. शेवटची ओळ तिथेच बसल्या बसल्या लिहिली: मित्राला फोन, अर्धा सूर खाली, दादाने स्वतः करायचा.

संध्याकाळी घरी नखं घासत होते तेव्हा वहिनींना मेसेज टाकला, फोन केला का म्हणून. उत्तर आलं: "अजून नाही. नंबर काढून ठेवलाय समोर. पुन्हा हात धुवायला गेलेत."